हल्ला जोडलेला नाही

तीर्थरूप मामांना, दहावी अर्ध्यावर सोडलेल्या परंतु ऱ्हस्व-दीर्घ कधीही न सोडलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा दमा? पंपाच्या दुकानाचा गळका पत्रा? (तिघांची चौकशी याच क्रमाने करावी असे आईने बजावले आहे, माझ्या मते दमा आधी यायला हवा होता.) इकडे आम्ही सुखरूप आहोत असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिले. खरे तर आई सुखरूप आहे, मी नाही. माझी नोकरी राहते की जाते हे सोमवारी ठरणार आहे, आणि त्याचे कारण असे की, मामा, मी एक युद्ध अडवून ठेवले आहे. मुद्दाम नव्हे. मी मुद्दाम असे काही करीन का? मला कँटीनमध्ये चहा सांगतानासुद्धा घाम फुटतो.

परराष्ट्र खात्याच्या कायदा शाखेत मी जावक कारकून आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. (ओढ्यापलीकडच्या बदकवाल्यांना तुम्ही मी वकील असल्याचे सांगितले आहे असे कळले. ते कृपया दुरुस्त करावे. ते परक्या देशाचे नागरिक असले तरी त्यांचा पंप तुम्ही दुरुस्त करता, त्यांना खरे कळायला हवे.) माझे काम एवढेच, की बाहेर जाणारे प्रत्येक पत्र वाचायचे, त्यात 'सोबत जोडले आहे' असे जिथे म्हटले असेल तिथे ती गोष्ट खरोखर जोडलेली आहे ना ते पाहायचे, आणि मग शिक्का मारून क्रमांक घालायचा. जोडलेली नसेल तर गुलाबी चिठ्ठी लावून पत्र परत. माझ्या शिक्क्याशिवाय शाखेतून कागद हलत नाही. साहेबांचा रजेचा अर्जसुद्धा नाही.

रुजू झालो तेव्हा माझी समजूत होती की देशादेशांनी लढायला कायद्याने बंदी आहे. आमच्या सल्लागारबाई म्हणाल्या, आहेच. कोणत्याही देशाने दुसऱ्यावर बळ वापरायचे नाही, अशी सगळ्यांनी सही करून दिली आहे. फक्त आपल्यावर सशस्त्र हल्ला झाला तर स्वतःचा बचाव करता येतो, आणि तो केल्याबरोबर तसे जागतिक परिषदेला पत्राने कळवायचे असते. मला फार हायसे वाटले. नंतर मी जुन्या पत्रांचे कपाट लावायला घेतले. मामा, त्या कपाटात कितीतरी युद्धे आहेत, दोन्ही बाजूंची पत्रे आहेत, आणि हल्ला करणारा एकही नाही! सगळे बचावच करत होते. मी न राहवून हेडक्लार्कना विचारले, की मग एवढी माणसे मेली कशी? (त्यांना आम्ही मागून पेपरवेट म्हणतो. एकदा बसले की खालचा कागद हलत नाही.) ते म्हणाले, "मेलेली माणसं आरोग्य खात्याकडे. तू कपाट लाव."

असो. मागच्या आठवड्यात तसेच एक पत्र माझ्या टेबलावर आले. कागद उत्तम, समास सारखा, शुद्धलेखन निर्दोष. आपल्या देशाने ओढ्यापलीकडच्या देशाविरुद्ध (म्हणजे बदकवाल्यांविरुद्धच म्हणा ना) स्वसंरक्षणासाठी आवश्यक तेवढेच बळ योग्य त्या प्रमाणात वापरले आहे, असा मजकूर. मी दचकून खिडकीबाहेर पाहिले. समोरचा न्हावी निवांतपणे दाढी करत होता. पुन्हा पत्र पाहिले, तर तारखेची जागा कोरी; म्हणजे पत्र आधी, बळ मागाहून. खाली शेवटची ओळ होती, 'आमच्यावर झालेल्या सशस्त्र हल्ल्याचा तपशील सोबत जोडला आहे.' मी पान उलटले. टाचणी काढून पाहिले. टेबलाखाली वाकून पाहिले. मग नियमाप्रमाणे गुलाबी चिठ्ठी लावली: 'त्रुटी – हल्ला जोडलेला नाही. पूर्तता करून पुन्हा सादर करावे.' आणि घरी जाऊन शांतपणे जेवलो.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीत बोलावणे आले. पेपरवेट चक्क उभे होते.

"हे काय आहे रे?"

"गुलाबी चिठ्ठी, साहेब."

"रंग दिसतोय मला! हल्ला नाही म्हणजे काय? तू कोण लागून गेलास, सेनापती?"

"नाही साहेब, जावक."

बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अहो, त्याचं काय चुकलं? 'सोबत' म्हटलंय आणि सोबत काही नाही. बरोबरच आहे त्याचं." माझे डोळे भरून आले. मला वाटले, आता त्या म्हणतील की अरेच्चा, हल्ला झालाच नाही, मग फाडा ते पत्र. बाई म्हणाल्या, "हल्ला शोधा आणि जोडा."

मामा, त्या क्षणापासून माझा जो आ वासला आहे तो मिटलेला नाही. पत्र फाडावे असे अख्ख्या शाखेत कुणाच्याही मनात आले नाही. सगळे हल्ला शोधायला लागले, जसा आपण घरात चष्मा शोधतो. सैन्याच्या कचेरीने कळवले, 'निरंक'. जकातवाल्यांनी कळवले, 'निरंक'. सीमेवरच्या पोलिसांनी कळवले, 'एक बकरी, स्वखुशीने आलेली, परत पाठवली.' बाईंनी बकरीवर बराच विचार केला. त्या म्हणाल्या की लहान लहान घटनांची बेरीज करून एक हल्ला होतो, असे मानणारे लोक आहेत. आणि हल्ला अगदी यायच्या बेतात असला तरी पुरतो, असेही मानणारे आहेत. मी प्रामाणिकपणे विचारले, की जो अजून झालेला नाही त्याला टाचणी कुठे लावायची? त्यावर बाई फार गोड हसल्या. पेपरवेट म्हणाले, "त्रुटी तू काढलीस, तूच भर. सोमवारपर्यंत हल्ला आला नाही तर तुझ्या कायम होण्याच्या कागदावर मी चिठ्ठी लावतो. कुठल्या का रंगाची असेना!"

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार. बदकवाल्यांनाही.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. – पत्र लिहिण्याचे खरे कारण वर लिहायला धीर झाला नाही. मामा, तुमचे दुकान अगदी ओढ्याच्या काठावर. पलीकडून अलीकडे काही आले आहे का हो? काहीही चालेल. दगड, शिवी, धमकी. बदके हत्यारबंद नसतात हे मला मान्य आहे, पण त्यातले एक मामींना चावल्याचे आठवते. दोन ओळी लिहून खाली सही करावी. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.

दुसरा ता. क. – पाकीट बंद करण्यापूर्वी नेहमीप्रमाणे पत्र तपासले, आणि वरचा ता. क. वाचून मी स्वतःलाच घाबरलो. तुम्ही 'आले' म्हणून कळवलेत की पत्र पूर्ण होणार, मी शिक्का मारणार, आणि मग जे काही 'योग्य प्रमाणात' सुरू होईल ते तुमच्या पत्र्यावरून जाणार. तेव्हा मामा, काहीही आलेले नाही. ठळक अक्षरात 'निरंक' लिहा. मामींना बदकाचे नावही काढू देऊ नका. नोकरी गेली तर गेली.

तिसरा ता. क. – पत्र पेटीत टाकायला उठलो, तोच बाईंनी ते युद्धाचे पत्र माझ्या टेबलावर परत पाठवले. हल्ला मिळालेला नाही. त्यांनी 'सोबत जोडला आहे' ही ओळच काढून टाकली आहे. आता पत्रात काही जोडायचे उरले नाही आणि माझ्याकडे परत पाठवायला कारणही उरले नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचले. त्रुटी नाही. मामा, कचेरीची टाचणीसुद्धा मी कधी घरी आणलेली नाही, पण या वेळी जावकचा शिक्का माझ्या खिशात आहे आणि मी तुमच्याकडच्या गाडीत बसलो आहे. (अक्षर हलले आहे, क्षमस्व.) हे सगळे तोंडाने सांगणे मला जमणार नाही, म्हणून पत्र तुमच्या हातात देऊन मी दाराशी उभा राहीन. नवा शिक्का करून घ्यायला मागणीपत्र पाठवावे लागते, आणि मागणीपत्र बाहेर जायला शिक्का लागतो. पेपरवेटना यातून वाट सापडायला वेळ लागेल, बाईंना लागणार नाही. आहे तेवढ्या वेळात सामान बांधायला घ्या, आणि पलीकडे बदकवाल्यांनाही हाक मारा.