बाराव्या बाटलीतली हवा

प्रिय अण्णा,

आज सकाळी कॉलेजचा शिपाई घरी राहिलेली बाटल्यांची पेटी न्यायला आला. मोजून म्हणाला, "ताई, बारा होत्या. एक कमी हाय." मी धडधडीत खोटं बोलले, "शोधून ठेवते, उद्या या." बारावी बाटली माझ्या साड्यांखाली आहे, अण्णा. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. सांगणार कुणाला? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

तुम्ही प्रयोगशाळेतले साधे मदतनीस, पण त्या बाटल्यांपुढे साहेबांचीही पत्रास ठेवायचा नाहीत! दर रविवारी एस.टी.नं वणीच्या वाटेवरचा तो डोंगर गाठायचा. वाऱ्याकडे तोंड करायचं, श्वास धरायचा आणि हात लांब करून बाटलीच्या तोंडावरची काचेची चावी फिरवायची. बाटलीतली हवा आधीच काढलेली, त्यामुळे डोंगरावरची हवा सुस्स करत आत शिरायची. ओझरचं विमान डोक्यावरून गेलं की तासभर थांबायचं. आपला एक श्वास मिसळला तरी बाटली वाया!

त्या हवेतला कार्बन मोजून साहेब साऱ्या जगाचं गणित मांडणार होते. समुद्र किती पितो, झाडं किती खातात, धुरानं किती वाढतो. "मग त्या गणितात मी कुठं?" मी विचारलं होतं.

"तूही आहेस की! तू सोडतेस ते आपली दारातली जांभूळ खाते. फक्त बाटलीत तेवढी येऊ नकोस."

किती हसलो होतो आपण! पण चावी कधी फिरवू दिली नाहीत मला. "तू बडबडी, तुला श्वास धरणं जमायचं नाही," म्हणायचात. एकदा तरी द्यायची होती ना!

आणि तो शेवटचा रविवार. खोकल्यानं तुम्ही अर्धे झाला होतात, म्हणून पेटी मी उचलली. तुम्ही चावी फिरवली आणि तुमचा झोक गेला. मी किंचाळले, "अण्णा, खाली बसा!" बाटली तोंडाजवळ आलेली, हवा आत जातेय, आणि तुम्ही चक्क बोललात, "काही होत नाही गं, सुमे." मग सवयीनं चावी बंद.

"घातलास ना घोळ!" तुम्ही चिडलात. बाटलीवरच्या चिठ्ठीवर लिहिलंत, 'खराब. बोललो.' मीही फणकारले, "माणूस पडतोय आणि तुम्हाला बाटलीचं पडलंय!" एस.टी.त आपण एकमेकांशी चकार शब्द बोललो नाही. सीबीएस स्टँडवर उतरल्यावर तुम्ही माझ्यासाठी पेरू घेतलात. मी हातसुद्धा लावला नाही. का असं वागले मी? बुधवारी दवाखान्यात नेलं, तेव्हा तुमच्या नाकातोंडावर ऑक्सिजन लावला होता. मग तुम्ही बोललातच नाही.

माझ्याशी मायेनं बोललेलं तुमचं शेवटचं वाक्य त्या बाटलीत आहे, अण्णा. ती कशी देऊ?

आई म्हणते, "देऊन टाक, सुमे. त्यांनी कधी कुणाची टाचणी ठेवून घेतली नाही." खरंच आहे. आणि खराब बाटली रिकामी करून पुन्हा भरायला द्यायची, हा तर तुमचाच नियम! पण तशीच दिली तर कॉलेजच्या मोरीपाशी कुणीतरी उघडेल. ते मला सोसायचं नाही.

म्हणून उद्या शिपाई यायच्या आधी मी ती जांभळीखाली नेईन. चिठ्ठी तेवढी काढून घेईन. बाराच्या बारा बाटल्या मोजून देईन, तुमच्या नावाला बट्टा लागू देणार नाही. हे माझं वचन.

फक्त चावी फिरवताना, अण्णा, मी श्वास धरणार नाही.

तुमची बडबडी,
सुमन