केंद्रामागं ओतलेलं दूध

१२ मार्च २०१३
कॅनचं झाकण दगडानं ठोकत होतो, तेवढ्यात कडूबाईंनी ते माझ्या हातून घेऊन एका झटक्यात उघडलं. दूध घालायला आलेले सगळे हसले. दूध संकलन केंद्रावर सचिव म्हणून माझी पहिली सकाळ अशी गेली. राहायची खोली केंद्रालाच लागून आहे. मागच्या खिडकीतून गोदाकाठचा उरलासुरला ऊस दिसतो. बाकी सगळं करपलेलं. कॅन घासणाऱ्या कडूबाई उसाच्या कडेच्या झोपडीत एकट्या राहतात. माणसं मोकळी आहेत. मन रमेल.

२० मार्च
पाण्याचा टँकर चौथ्या दिवशी येतो. कॅन राखेनं पुसून भागवतो, म्हणून दूध नासतं. नासलेलं दूध खड्ड्यात ओतून वर माती लोटायची, असा संस्थेचा नियम आहे. जमीन दगडासारखी झाली आहे. पहार चार वेळा मारली आणि ठेवून दिली. दूध खिडकीखाली ओतलं. कुत्र्यांनी जागा चाटून साफ केली.

३१ मार्च
कुत्री अकरा झाली. रोज दूध घालणारे तात्याबा माप देताना सगळ्यांदेखत म्हणाले, सचिव, कुत्र्यायची सोसायटी काढली का? चेअरमन कोण, तुमीच का? मीही हसलो.
कडूबाई हसल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, सायेब, तेवढा खड्डा करा. कुत्री जमली की बिबट्या उसातून भायेर येतो. मी एकटीच हाय तिकडं.
उद्या करतो म्हणालो.

९ एप्रिल
खड्डा केलेला नाही. कुत्री सात. दुधानं भिजलेल्या मातीत एक ठसा, माझ्या तळहाताएवढा. नखं उमटलेली नाहीत. पायानं पुसला. गावात सांगावं, तर कुत्री कशानं जमली ते आधी निघेल.

१५ एप्रिल
कुत्री कुठं गेली, असं कडूबाईंनी विचारलं. गावात गेली असतील म्हणालो. त्या कॅन घासायला उजाडायच्या आत येतात. उजाडल्यावर या, एवढंच सांगायचं होतं. कावून, असं त्यांनी विचारलं असतं. सांगितलं नाही.

१९ एप्रिल
एकच कुत्रं उरलं. लंगडं. दाराला चिकटून बसतं. आज दूध ओतलं नाही. तरी खिडकीखाली काहीतरी माती चाटत होतं. खरखरीत आवाज — कुत्र्याचा नव्हे —

२१ एप्रिल, पहाट
कुत्रं नाही. खिडकीखाली श्वास. जड.
पुढं कॅन वाजला. कडूबाई आल्या. हाक मारायला हवी —
श्वास खिडकीपासून हलला. पुढं निघाला.
दार वाजतंय. सायेब, दार उघडा.
कडीपर्यंत गेलो. परत येऊन बसलो. लिहितोय.
सायेब, मी हाय, कडू —
दोन पावलांवर कडी. उघडली तर तोही —
कॅन पडला. गडगडत —
सायेब म्हणणं थांबलं. मी अजून —

२२ एप्रिल
कडूबाई काल गेवराईच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच गेल्या. आज सकाळी वनरक्षक आले. खिडकीखालची पांढरी पडलेली माती बघून त्यांनी विचारलं, इथं दूध कोण ओतत होतं. तात्याबा भरलेली किटली घेऊन शेजारीच उभे होते. मी कडूबाईंचं नाव सांगितलं. तात्याबा दूध न घालता घरी गेले.