निळा ट्रक कुठे गेला

प्रिय धाकटे साहेब,

फोनच करणार होते. पण फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतोस आणि मागे तुझा कीबोर्ड खडखडत असतो. कागदाला निदान 'ताई, मीटिंग आहे, नंतर बोलू' असं सांगून गप्प करता येत नाही. तेव्हा बस आणि वाच. चहा घेऊन बसलास तरी चालेल, तो कडू लागेल याची व्यवस्था मी करते.

बाबांच्या वाढदिवसाला तू आलास आणि खोक्यातून ते भलंमोठं स्टिअरिंग काढलंस. जन्मभर बस चालवलेल्या माणसाला ट्रक चालवायचा खेळ! बाबा असे हसले, की मला तुझा हेवा वाटला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं मत्सरापोटी लिहिलंय असं म्हणायची तुझी सोय उरणार नाही.

घरात कॉम्प्युटर एकच. माझा. त्याच्यावर मी छापखान्याची पानं लावते आणि पोट भरते. तू म्हणालास, "ताई, तुझ्याच कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा बसवतो. खेळांसाठीच बनवलेली सिस्टीम आहे, व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकतो. तुझ्या कामाला केसाचाही धक्का लागणार नाही. पाच मिनिटांचं काम." ती पाच मिनिटं संध्याकाळी संपली आणि माझ्या यंत्रात पोटभाडेकरू राहायला आला. निम्मी मेमरी त्याची. ग्राफिक्स कार्ड तर सगळंच त्याचं, त्यामुळे तो जागा झाला की माझा पडदा काळा. मालकीण ओट्यावर आणि भाडेकरू पलंगावर! म्हणून बाबा दुपारी खेळायला बसले, की मी पिशवी घेऊन बाहेर पडायची. हे लक्षात ठेव. बाबा खेळायचे तेव्हा शेजारी कुणीही नसायचं.

सुरुवातीला रोज काहीतरी बिघडायचं. कधी आवाज गायब, कधी स्टिअरिंग ओळखू यायचं नाही. बाबा तुला फोन लावायचे आणि तू वैतागायचास. मग एका रविवारी तू तिथूनच काहीतरी केलंस. ते चुकून काही विकत घेतील म्हणून आतलं इंटरनेट तोडलंस, आणि म्हणालास, "आता काही झालं तरी बंद करून चालू करा. पहिल्यासारखं होईल." झालंही. फोन थांबले. मी शेजारणीकडे तुझं कौतुक करून आले. ते शब्द मी परत घेतेय, तिलाही कळवणार आहे.

त्यानंतर बाबा बदलले. आधी जेवताना सांगायचे, आज काचा पोचवल्या, एकीलाही तडा नाही. घाटात एका गाढवानं कट मारला, पण मी शिवी नाही दिली. मग सांगणं कमी होत गेलं. एकदा आमटी ढवळत सहज विचारल्यासारखं विचारलं, "अगं, काल मी निळा ट्रक घेतला ना? तुला बोललो होतो ना?" म्हटलं, बोललात की, दोनदा बोललात. त्यांनी मान हलवली आणि चमच्याकडे बघत बसले. जे सांगितलं नाही आणि मला फार नंतर कळलं ते असं, की त्या दुपारी निळा ट्रक तिथे नव्हता. तेच पहिलं गाव, तोच भाड्याचा खटारा आणि पडद्यावर 'स्वागत, नवीन चालक'. त्यांनी पुन्हा माल वाहिला, पुन्हा ट्रक घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'स्वागत, नवीन चालक'. इतकी वर्षं शहराची बस हाकलेल्या माणसाला रोज कुणीतरी नवशिक्या म्हणत होतं आणि लाजेपोटी तो ते कुणालाच सांगत नव्हता.

घरातून निघाले की परत येऊन कुलूप ओढून बघायला लागले. गॅस बंद आहे का ते मला विचारायचे, मग स्वतः जाऊन बघायचे. निवृत्तीनंतर ते डायलिसिसच्या दवाखान्याची गाडी चालवतात, पेशंटना घरून आणतात आणि सोडतात, हे तुला माहीत आहेच. लग्नाच्या बैठकीत तूच 'वडील समाजसेवा करतात' म्हणून मिरवलं होतंस. तर तिथल्या नर्सनं मला थांबवून विचारलं, "काकांना बरं नाही का? कोपऱ्यावरच्या आजींना घेतलंय का, असं मला विचारतात, आणि आजी मागेच बसलेल्या असतात."

मग त्यांनी तुला फोन केला. नेहमीसारखा स्पीकरवर. मी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होते. "काल ट्रक घेतल्याचं मला चांगलं आठवतं, पण इथे तो नाही. मशीन विसरतं का रे?" आणि तू, कीबोर्ड न थांबवता: "मशीन विसरत नाही हो बाबा. माणसांच्याच डोक्यात घोळ होतो. वय झालं की व्हायचंच. डॉक्टरांना दाखवून टाका." वर हे आत्याच्या कानावर घातलंस. आत्याला सांगणं म्हणजे दवंडी पिटणंच. दुसऱ्या दिवशी तिनं बदाम पाठवले. काकांचा फोन आला. ते बाबांशी एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं बोलत होते, जसं दोन वर्षांच्या पोराशी बोलतात. बाबांनी ऐकून घेतलं. ज्यांनी आयुष्यात काकांचं काही ऐकून घेतलं नव्हतं, त्यांनी.

गेल्या आठवड्यात अक्षरं बारीक दिसतात म्हणाले, म्हणून मी स्वतः बसले. अक्षरं मोठी केली, 'नवीन चालक' खोडून त्यांचं नाव घातलं आणि बंद केलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर अक्षरं बारीक आणि नाव 'नवीन चालक'. आता माझं डोकं कसं आहे ते तुला ठाऊक आहे. शाळेत असताना तू माझा कंपास कुणाला देऊन टाकलास तेही मला आठवतं. मी काही विसरले नव्हते. सेटिंग्ज उघडून एकेक ओळ वाचत गेले आणि तुझी करामत सापडली: बंद करताना मूळ स्थितीवर परत न्या. पुढे टिक. म्हणजे रोज संध्याकाळी भाडेकरूला बाहेर काढायचं, खोली धुऊन काढायची आणि सकाळी पुन्हा पहिल्या दिवसासारखं आत आणून बसवायचं. बिघाड धुतला जायचा. बाबांची सगळी दुपारही त्याच पाण्यात वाहून जायची. का, तर तुला फोन येऊ नयेत!

मी तुला मेसेज केला. अर्ध्या मिनिटात उत्तर: "अरे हो! ते मीच ठेवलेलं. टिक काढून टाक, झालं." शेजारी हसरा चेहरा.

झालं? माझ्या बापाला त्याच्या स्वतःच्या डोक्याची भीती वाटायला लागली आणि तुझं झालं? तो हसरा चेहरा इथे असता तर मी त्याला स्टिअरिंगच्या खोक्यात घालून टेप मारला असता.

टिक मी काढली. बाबांना समोर बसवून सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस. तो म्हणाला ना, मशीन विसरत नाही. त्याचं कामच ते आहे." मग मी इरेला पेटले. स्वतः ट्रक चालवला, दोन कठडे आणि एक टोलनाका तोडला, दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावून दाखवलं की बघा, माझं कालचं सगळं जागच्या जागी आहे. तर म्हणतात कसे, "तुझं राहील गं. तुझं वय काय!"

आता हे पत्र कशासाठी ते ऐक. तुला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती, ती मी मोडतेय. त्यांनी दवाखान्यात नोकरी सोडतो म्हणून सांगितलंय. सोमवारी नवा ड्रायव्हर येणार, त्याच्या हातात किल्ली द्यायची. मला म्हणाले, "ज्याला न घडलेल्या गोष्टी आठवतात, त्यानं लोकांचे आजारी जीव मागे बसवून फिरू नये." रोज संध्याकाळी ते ती गाडी पुसतात. आतून, बाहेरून, सीटच्या खालून. माझ्या बोलण्यानं काही होणार नाही, आणि तुझ्या फोननंही नाही. ते म्हणतील, ताईनं पढवलंय. त्यांचा विश्वास तुझ्यावर आहे, तो का आहे ते देव जाणे. रविवारी ये. त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बस. ती टिक तुझ्या हातानं परत लाव, त्यांना निळा ट्रक घेऊ दे, बंद कर, पुन्हा चालू कर, आणि तो त्यांच्या डोळ्यांसमोर नाहीसा होऊ दे. मग त्यांच्याकडे बघून तेवढं एकच वाक्य म्हण, जे या घरात तुझ्या तोंडून अजून कुणी ऐकलेलं नाही: "बाबा, मी विसरलो होतो."

तुझीच, सगळं आठवणारी,
ताई