पेवाचं तोंड

अमडापूर,
दि. १४ मे १९७३

चि. सौ. सिंधू हिस,
मनकर्णाबाईचे अनेक आशीर्वाद. इकडील सर्व खुशाल. तिकडे तुझे आईवडील व सर्व मंडळी खुशाल असतील अशी आशा आहे.

वरचं शाळेत शिकवलेलं तेवढंच ध्यानात हाये. पुढचं बोलतो तसंच लिहितो.

गायीले गोऱ्हा झाला. चारा नाही म्हणून दूध वाटीभरच निघते. यंदा कुरडया केल्या नाहीत. तू नाही तं चीक कोण घोटते? शेषराव आता हिंडतो-फिरतो. सडकेच्या कामावर जातो म्हणत होता, म्या जाऊ देलं नाही. छातीत अजून कळ येते त्याच्या.

कशाची कळ, हे तुले कोणी सांगितलं नसन. बाजारात कोणाकडून उलटंसुलटं कळण्यापेक्षा मीच सांगतो.

आपण जमिनीतलं ज्वारीचं पेव उघडलं.

तुले ठाऊक हाये, ते पेव म्हणजे माह्या जिवाचा तुकडा. तू लग्न होऊन आली तवा म्या तुले आधी देवघर नाही, पेव दाखवलं होतं. कडबा कसा लावायचा, तोंडावर दगड ठेवून माती कशी लिंपायची, डाळीले राख कशी चोळायची, अंबाडीचा पाला अन् गवारीच्या शेंगा वाळवून कुठं टांगायच्या. मीठ, करडईचं तेल, सुंठ, ओवा, सारं घरात. विहीर अंगणात. पाऊस न येवो का रोगराई येवो, आपण कोणाच्या दारात जायचं नाही, असं मी तुले रोज ऐकवत होती. काऊन, हे मातर कधी सांगितलं नाही. मी लहान होती तवा एका खराब साली माही माय शेजारी परातभर ज्वारी मागायले गेली अन् रिकामी परात घेऊन आली. त्या दारातल्या बाईनं तिले कसं वापस लावलं असन, याचा मी जलमभर विचार केला. आता करत नाही. आता मले माहीत झालं.

तू भिंतीवरून शेजारच्या इमामबीले घागर भरून देली, संगं सूपभर ज्वारी. तेवढ्यासाठी म्या गल्ली गोळा केली. "घरात चोर घेऊन आली मी," म्हटलं. तुही पेटी अंगणात उलटी केली. तुह्या लुगड्याच्या घड्या मातीत पडल्या. तू वाकून वाकून उचलत राह्यली. नवरा असून शेषराव खाली मान घालून उभा होता. तुह्या भावासंगं तुले माहेरी बीबीले धाडलं अन् विहिरीच्या फाटकाले कुलूप लावलं. तवापासून इमामबी नाल्यात झिरा उकरून पाणी आणे.

पेव उघडायचं तं तोंड दिवसभर मोकळं ठेवावं, कंदील खाली सोडून पाहावा, विझला तं कोणी उतरू नये. हे बी म्याच तुले शिकवलं होतं. पण तोंड मोकळं ठेवलं असतं तं गल्लीनं पाह्यलं असतं, आपल्याकडं किती हाये ते. म्हणून सकाळी लोकं नाल्यावर गेले तवा दगड सरकवला.

शेषराव म्हणे, "माय, कंदील तं सोडू दे."

म्या म्हटलं, "उतर बे लवकर. लोकं यायच्या आत जमन तेवढं काढून घे."

तो उतरला. "वास येते वं माय," म्हणाला. मग काहीच नाही बोलला.

मी कशी ओरडली, मले आठवत नाही. इमामबी नुकतीच नाल्यावरून आली होती, डोक्यावर घागर तशीच. तिचा पोरगा युसूफ भिंतीवरून उडी टाकून आला. त्यानं गोधडी दोराले बांधून पेवात वरखाली केली, हवा हालवली, मग कमरेले दोर बांधून श्वास कोंडून उतरला. आलेल्या माणसाईनं दोघाईले वर ओढलं. शेषराव निळा पडला होता. युसूफ भिंतीपाशी बसून ओकत होता अन् ओकता ओकता ओरडत होता, "पाणी आणा! पाणी!"

विहीर चार पावलावर, सिंधू. चावी माह्या कमरेले. चावी कुलुपात जाईच ना.

इमामबीनं डोक्यावरची घागर उतरवली अन् सारी शेषरावाच्या तोंडावर, छातीवर ओतली. तिच्या घरचं दिवसभराचं पाणी होतं ते. शेषरावानं श्वास घेतला. ती रिकामी घागर घेऊन पुन्हा नाल्याकडं चालली गेली. माह्याकडं पाह्यलं बी नाही.

पेवाच्या बुडाशी ओल शिरली होती. खालची सारी ज्वारी काळी होऊन सडली, त्याचीच वाफ कोंडली होती. वरची चांगली निघाली. त्यातली घेऊन मी इमामबीच्या दारात गेली. कुलूप काढलं, पाण्याले येत जा, असं बी म्हटलं. ती म्हणे, "राहू द्या बाई. सिंधूनं देलती तवा घेतली. तिच्या हातची घेईन."

खरं सांगतो, मले राग आला. घरी येऊन चुलीपुढं बसली तवा कुठं रडू आलं.

शेषरावाले वर काढलं त्या दिवशी सारी गल्ली अंगणात होती. तवाच म्हणायले पाहिजे होतं का माह्या सुनेनं चोरी केली नव्हती. माह्या तोंडून निघालं नाही. पोरगा वाचला तरी नाही निघालं. या पत्रात बी पाह्य, गायीचं आधी लिहिलं.

शेषराव तुले घ्यायले येतो म्हणत होता. म्या त्याले थांबवलं. पहिले मीच येतो. येत्या सोमवारी मेहकरले गाडी बदलून बीबीले येईन. ज्या तोंडानं चोर म्हटलं, त्याच तोंडानं तुह्या मायबापासमोर, ओट्यावर जमतील त्या बायाईसमोर म्हणन का चूक माही होती. तू घरातून बाहेर नाही आली तरी चालन. चहा टाकू नको. तू संगं यावं म्हणून मी हात धरणार नाही. संध्याकाळच्या गाडीनं एकटी वापस येईन अन् हेच इथं आपल्या गल्लीत बी सांगन. तू आली तरी सांगन, नाही आली तरी सांगन.

तुह्या मायले माहा नमस्कार सांगजो, तिनं घेतला तं.

तुही सासू असं लिहायले हात धजत नाही, म्हणून नुसतीच

मनकर्णा