लेकीची ओटी

घोडेगाव, शनिवार, डिसेंबर १९९७

एसटीत सगळा वेळ पदरातले तांदूळ घट्ट धरून बसले होते. हसले असतील लोक.

डोंगरातल्या वाडीवर रक्ततपासणीचे निकाल सांगायला गेले होते. सत्तरीच्या हिराबाईंचा रक्तगट ‘बॉम्बे’ निघाला. फार दुर्मिळ, आणि माझाही तोच. त्यांना कळावं म्हणून म्हटलं, “वेळ आली तर तुमचं रक्त मला चालेल, माझं तुम्हाला. इथल्या दुसऱ्या कुणाचं नाही.”

“माज्या पोरांचंबी न्हाई?”

“नाही.”

“मंग तू माजीच की!” म्हणत त्या सुपात तांदूळ घेऊन आल्या, ओटी भरायला. मी घाईने सांगितलं, माझे यजमान गेले, मला चालत नाही.

“लेकीची वटी भरतेय. नवऱ्याचं काय त्यात?”

गट जुळला म्हणजे नातं होत नाही, हे समजवायला हवं होतं. व्याख्यानांत इतकी वर्षं तेच सांगतेय. आज मात्र पदर पुढे केला. का?

खोलीवर आल्यावर तांदूळ पिशवीत ओतले. सवयीने रक्ताच्या नमुन्यांचं लेबल चिकटवलं, तारीख टाकली. ठिकाणाच्या जागी वाडीचं नाव लिहायचं असतं.

माहेर, असं लिहिलं.