टाकून आलेली

आई, बाबांना मेसचा पत्ता कोणी दिला याचा शोध तू मरेपर्यंत घेत होतीस. मी दिला. तोंडानं नाही, लिहून. तेव्हा मी नववीत होते. आता मी तुझ्या शेवटच्या वयाहून मोठी आहे आणि कॉलेजात शिकवते.

बाबा दारू पीत नव्हते. रेल्वेत बाबू होते, वेळेवर घरी यायचे. मारायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढून टीव्हीवर ठेवायचे, काच फुटू नये म्हणून. पट्टा सुटल्याचा आवाज आला की मी आतल्या खोलीत जाऊन बसायचे. घर सोडलं त्या दिवशी मात्र मी दारातच उभी होते. तू पाट्यावर लाल मिरचीची चटणी वाटत होतीस. त्यांनी केस धरून तुझं कपाळ पाट्यावर आपटलं. परत आपटलं. तिसऱ्या वेळी तोल सावरायला त्यांनी उजवा हात पाट्यावर टेकला आणि तू वरवंटा उचलून त्या हातावर घातलास. बोटं मोडली ते मला ऐकू आलं. तू वरवंटा परत उचललास आणि परत घातलास. मग हात धुतलेस, फुटलेल्या भुवईवर पदर दाबलास आणि मला म्हणालीस, "चाल." जखमेत मिरची गेली होती. रिक्षात तू दातांनी पदर चावत होतीस. शेजारणीला तू माहेरी गोंदियाला जात असल्याचं सांगितलंस. आपण गोंदियाला गेलो नाही, कारण मामानं दुसऱ्याच दिवशी तुला परत पोचवलं असतं. आपण त्याच शहरात, ब्राह्मणपारा मोहल्ल्यात, एका खोलीत राहायला गेलो. बाबांना वर्षभर तू गोंदियातच आहेस असं वाटत होतं.

खोलीमागच्या गल्लीत विद्यार्थ्यांची मेस होती. तिथे तू पोळ्या लाटायचीस आणि शेकायचीस, सकाळी सहापासून तीनपर्यंत, पाचपासून परत. तवा सायकलच्या चाकाएवढा. तुझ्या हातांवर कोपरापर्यंत चट्टे होते, नवे लाल, जुने काळे. धुरानं खोकला धरला होता आणि थुंकीत कधी कधी रक्त यायचं, ते तू पायानं माती लोटून झाकायचीस. सेठ गल्ल्यावरून ओरडायचा, "बाई, रोटी बना रही हो कि नए राज्य का नक्शा?" आपलं राज्य नुकतंच वेगळं झालं होतं, जेवणारी पोरं हसायची. तू पोळीवरचा करपलेला डाग बघून म्हणायचीस, "इसमें तो आपका ही घर जल गया भैया, रुको, दूसरा देती हूँ." पोरं आणखी हसायची. इतकं हसणं आपल्या जुन्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं, पण मला तेव्हा फक्त थुंकीतलं रक्त दिसत होतं.

अंगणवाडीच्या दीदी आपल्याच गल्लीत राहायच्या. त्यांनी तुझे हात पाहिले आणि एका संध्याकाळी परित्यक्ता पेन्शनचा फॉर्म घेऊन आल्या. "पेंशन और कार्ड का चावल मिला के मेस जितना हो ही जाएगा बहिनी. बस, मेस छोड़ना पड़ेगा. कमाने वाली को नहीं देते." तू रात्रीची कणीक मळत होतीस. मला विचारलंस, परित्यक्ता म्हणजे काय. मी सांगितलं, नवऱ्यानं टाकलेली.

"मले कोनं टाकलं?"

"आई, ते नुसतं लिहायचं असतं."

"काहून लिहायचं? मी टाकलं त्याले. हात तोडून टाकलं." मग फॉर्मवरचा तो रकाना दाखवत तू दीदींकडे वळलीस. "दीदी, इसमें दूसरा खाना नहीं है क्या? पति को छोड़ के आई, ऐसा?"

दीदी हसायला लागल्या. "उसका पेंशन नहीं है बहिनी. उसका तो केस बनता है."

तूही हसलीस, खोकलीस आणि फॉर्म परत दिलास. दीदी गेल्यावर म्हणालीस, "टाकलेली म्हणून भात नाही खात मी. लाटून राहिली ना? मरून तं नाही राहिली."

"मरूनच राहिली आहेस," मी म्हणाले.

तू कणकेच्या हातानं माझ्या तोंडावर मारलंस. ओठ दातावर फाटला. कणकेला माझं रक्त लागलं. तू तेवढा भाग चिमटीनं तोडून फेकलास आणि उरलेल्या कणकेच्या पोळ्या केल्यास.

दुसऱ्या दिवशी मी दीदींकडून तोच फॉर्म मागून आणला. तू कबूल झालीस असं त्यांना सांगितलं. नवऱ्यानं टाकल्याचा पुरावा दोन प्रकारे चालत होता: तुला समोर बसवून दोन शेजाऱ्यांचे जबाब, किंवा खुद्द नवऱ्याचं लेखी. शेजाऱ्यांसमोर तू काय बोलशील हे मला माहीत होतं. मी फॉर्म पूर्ण भरला. रिकामा खाना ठेवू नये, असं शाळेत शिकवलं होतं. राहण्याचा पत्ता. उपजीविकेचं सध्याचं साधन: तिथे मी मेसचं नाव लिहिलं, गल्ली लिहिली, आणि मंजुरीनंतर काम सोडेल असंही लिहिलं. ठळक, सुवाच्य. मग रेल्वे कॉलनीत बाबांकडे गेले.

त्यांनी मला आत बसवलं, चहा केला, साखर मला आवडते तशी जास्त घातली. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. फॉर्म त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचला, एकेका खान्यावर थांबत. "अक्षर चांगलं आहे पोट्टीचं," म्हणाले. मग परित्यक्ता या शब्दावर बोट ठेवलं. "तिनंच सांगितलं हे लिहायले?" मी हो म्हणाले. ते हसले. पेन अंगठा आणि तळव्याच्या मधे धरून कोऱ्या कागदावर त्यांनी हिंदीत लिहिलं की मी माझ्या पत्नीचा स्वेच्छेने त्याग केला आहे. सही केली. लिहिलेलं परत एकदा वाचलं आणि कागद माझ्या हातात देण्याआधी त्याच्यावर फुंकर घातली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून मेसमध्ये आले आहे. बाबा माझ्या मागून आत येतात. घड्याळ काढून गल्ल्यावर ठेवतात, आणि सेठ ते पडू नये म्हणून आत सरकवतो. बाबा तुझं उजवं मनगट पकडतात, तळहात तव्यावर टेकवतात आणि वरून कोपर दाबतात. पोरं ताटं घेऊन उभी राहिली आहेत. एक जण म्हणतो, "अंकल, छोड़ो." बाबा मराठीत बोलत आहेत, हळू, घरी बोलायचे तसं. "तूच लिहिलं ना, टाकलेली? मंग टाकलेलीसारखी राह. पोट्ट्यांले हसवून नको राहू." वास येतो. तुझा डावा हात चिमट्यापर्यंत पोचतो आणि तू तो त्यांच्या कानाखाली मारतेस. परत मारतेस, मग गालावर, टोकानं, आणि ते सुटतात. तुझी कातडी तव्यावर राहिली आहे. तू ओरडतेस, "मी टाकलं याले! मी टाकलं!" तिथे मराठी कळणारे आपण तिघंच होतो. बाबांनी गालावर रुमाल दाबला, घड्याळ उचललं आणि गेले. सेठ म्हणाला, "घर का झगड़ा घर में निपटाओ, बाई." मग त्यानं पोराला तवा घासायला सांगितलं.

नवव्या दिवशी तू कामावर गेलीस. उजव्या हाताला फडकं, लाटणं डाव्या हातात. त्याच संध्याकाळी तू दीदींना गल्लीत गाठलंस. फॉर्म त्यांनी आणला होता, तेव्हा पत्ताही त्यांनीच पोचवला, असं तू ठरवलं होतंस. तू त्यांना डाव्या हातानं मारलंस. चष्मा फुटला, काच गालात शिरली. "मैं काबर बताहूँ बहिनी, काबर बताहूँ," मी कशाला सांगेन, असं त्या त्यांच्या बोलीत म्हणत राहिल्या. तू त्यांचे केस धरून त्यांना भिंतीवर आपटलंस, आणि मला ती पद्धत ओळखीची वाटली. मी तुझ्या मागे दप्तर घेऊन उभी होते. बाबांनी लिहिलेला कागद दप्तरात होता. फॉर्म परत मागून न्यायला मीच आले होते हे दीदींनी सांगायला हवं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांनी सांगितलं नाही.

फॉर्म मी नाल्यात टाकला. तू पुढे सात वर्षं लाटत राहिलीस, दीदी नाहीत तर पत्ता कोणी दिला हे विचारत राहिलीस आणि खोकल्यानंच गेलीस. दीदी अजून आहेत. मागच्या महिन्यात गोल बाजारात भांड्यांच्या दुकानासमोर भेटल्या. मीच पत्ता दिला असेल असा विचार त्यांच्या मनात कधी आला की नाही, मला माहीत नाही. म्हणाल्या, "तेरी माँ को पता चला था कभी, किसने बताया?" मी म्हणाले, "नहीं दीदी." त्यांनी मान हलवली आणि कढईचा भाव करायला लागल्या.

तो कागद मात्र मी ठेवला होता. कॉलेजात प्रवेश घेताना फी माफीच्या अर्जात एक खाना होता, परित्यक्ता की पुत्री. पुरावा जोडायचा होता. तो माझ्याकडे होता. बी.ए. आणि एम.ए. मिळून पाच वर्षं मी दरवर्षी त्याची नवी झेरॉक्स जोडली, आणि माफी दरवर्षी मिळाली. तुला मी सांगितलं की मार्कांवर मिळाली. तू सेठला ऐकवलंस, "बेटी का दिमाग देख के पढ़ा रहे हैं भैया. हमको किसी ने दान नहीं दिया." त्या दिवशी मी मेसमध्येच जेवत होते. मार्कलिस्ट तू कधी मागितली नाहीस. आई, माझे मार्क तेवढे नव्हते.