पाचपट लोणचं

४ जून. उठायची वेळ ०६००. उठलो ०९२०.
आजपासून मिलिटरी शिस्त. कारण आपण आता डिफेन्स सप्लायर. पंचफुलाच्या बचत गटाला छावणीच्या कँटीनची ऑर्डर लागली. एक क्विंटल कैरीचं लोणचं. पंचफुला माझी बायको, गटाची अध्यक्ष. सतरा बाया फोडी करतात. कागदपत्रं, म्हणजे अवघड काम, माझ्याकडं.

६ जून.
करारात भारी कलम सापडलं. ऑप्शन क्लॉज. अचानक जवान वाढले तर छावणी त्याच भावात जास्त माल मागणार, आपण पंधरा दिवसांत द्यायचा. न दिल्यास गट तीन वर्षं काळ्या यादीत. किती पट, ती जागा कोरी. पंचफुला म्हणे दीडपट लिहा. बायकांचं व्हिजन दीडपटच. मी पाचपट लिहिलं. तिनं न वाचता सही केली. विश्वास असावा तर असा.

११ जून.
पंचफुला म्हणे, कैरी संपून राहिली, दोन पिंपं मिठात घालून ठेवू, लागली तर लागली. मी साफ नको म्हटलं. माल साठवणं ही जुनी मेंटॅलिटी. तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. पटलं असावं.

३ ऑगस्ट.
माल पोचला, पास झाला. आमच्या हट्टा गावात माझं नाव झालं. लोक पंचफुलाचं घेतात, पण घर एकच.

१४ ऑक्टोबर. ११४०.
मेल आला. छावणीत मोठा सराव. ऑप्शन लागू. पाचपट. पंधरा दिवस.
अजिबात घाबरलो नाही. दोन तास नुसता पडलो.

१५ ऑक्टोबर.
वारंगा फाट्यापर्यंत जाऊन आलो. कैरी नाही. फळवाला म्हणे, काका, झाडाला सांगून पाहा. ह्या अॅटिट्यूडमुळंच आपण मागं. पंचफुलाला सांगायला योग्य वेळ शोधून राहिलो.

१७ ऑक्टोबर.
छावणीच्या क्लार्कनं तिलाच फोन केला. काय फालतूपणा! ती म्हणे, सतरा बायांची तीन वर्षं तुमी एका आकड्यात घालवली. हे मात्र लागलं. रात्री भाकर गेली नाही. एकच गेली.

१९ ऑक्टोबर.
पंचफुला सायबाला खरं सांगायला छावणीत गेली. तिकडंच मुक्काम, तिच्या मावशीकडं. खरं सांगून कुठं धंदा होतो? मी घरोघर फिरून वर्षाच्या बरण्या गोळा केल्या. एकसष्ट घरं! शेजारची भिकाबाई बरणी सोडेना. लेक शिवकन्या बाळंतपणाला आली, तिला ह्या फोडीशिवाय काही जात न्हाई, म्हणे. मी म्हटलं, देशासाठी. ती म्हणे, काहून, देशाला डोहाळे लागले काय? पण दिली.

२० ऑक्टोबर.
सगळं ड्रममध्ये एकत्र केलं. गुळाचं, लसणाचं, मेथीचं, हरभऱ्याचं. राष्ट्रीय एकात्मता. तीन क्विंटल भरलं. स्वतःचा अभिमान वाटला.

२१ ऑक्टोबर.
पंचफुला आली ती सायबाला घेऊनच. गटाचं काम दाखवायला. मी पुढं होऊन ड्रम उघडला. पहिला चमचा गोड. दुसरा लसूण. तिसऱ्याला सायबांनी पाणी मागितलं. विचारलं, हे काय आहे? पंचफुला म्हणे, हे आमचं न्हाई. बोट ड्रमकडं होतं की माझ्याकडं, कळलं नाही.

२३ ऑक्टोबर.
बरण्या वाटून राहिलो. रिकामं भांडं परत देत नाहीत म्हणून पंचफुलानं प्रत्येकीत आमच्या घरची हळद घातली. एकसष्ट ओंजळी. आमच्या घरची स्वतःची लोणच्याची बरणी शिवकन्येला दिली. निर्णय माझाच. पंचफुलानं सांगितल्यावर घेतला. भिकाबाईनं बरणी घेतली, दार लावून घेतलं.

३ नोव्हेंबर. रात्रीचे २०१०.
गट वाचला. सायबांनी पंचफुलाचं ऐकलं. वाढीव माल पुढच्या जूनमध्ये, ऑप्शन दीडपट. नवा करार आला. माझं नाव शोधलं. सहीत नाही, फोन नंबरात नाही. साक्षीदार भिकाबाई! शेवटच्या पानावर एक अट आहे: नाकारलेल्या मालाची विल्हेवाट ज्यानं तो तयार केला त्यानं स्वतः लावावी. पंचफुला म्हणे, बघा, तुमी हायेत की करारात.
ड्रम अजून घरातच आहे. उद्यापासून मला भाजी बंद.